राखणे, वगैरे

पोस्टाच्या खिडकीतून बाईंनी विचारलं,
'हाउ आर यू कीपिंग?'
विल्तेला वाटलं, काय काय ठेवलंयस, ते विचारतायत.
प्रामाणिक मुलगी. मोजून सांगितलं:
दोन चादरी, आईची शाल,
क्लायपेदाहून आणलेली बिटाची एक बरणी,
आणि दोनशे दहा पौंड, उशीच्या अभ्र्यात.
रांगेतले चार मासेमार
आपापल्या गमबुटांकडे बघत राहिले.

'अगं, तब्येत विचारली तुझी,'
ओस्ला घरी हसून हसून खोकली.
शेटलंडचा वारा तेवढ्यात दार ढकलून
काय झालं ते बघून गेला.

दिवसभर कारखान्यात सॅल्मन चिरून
विल्तेच्या बोटांना बर्फाचा वास,
तरी रात्री ती कोश उघडते.
कीप. तीन पानं, मुंगीएवढी अक्षरं,
प्रत्येक अर्थाच्या छातीवर कैद्यासारखा आकडा.

ओस्ला आकड्यांच्या वाटेला जात नाही.
बोट दाखवते फक्त.
ती मेंढरं बघ, एकोणीस. पाळलीत, म्हणजे कीप.
हे दूध उद्या नासेल, म्हणजे नाही कीप.
ते घड्याळ वेळ कीप करत नाही,
सात मिनिटं मागे असतं,
तरी मी त्याला कीप केलंय.
शेजारच्या रॉबिनाला मात्र काही सांगू नकोस,
तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.
आणि धक्क्यावरच्या फाटकाची पाटी?
तिच्यावरही हाच शब्द, पण अर्थ: चालते व्हा.

'एकच शब्द जवळ ठेवतो आणि लांबही ठेवतो?'
'माझी आई तशीच होती,' ओस्ला म्हणाली,
आणि मोजा विणायला घेतला.

(हे मराठीत लिहिताना माझी पंचाईत अशी
की पाहुणा कोट एकच घेऊन आलाय,
आणि माझ्या भिंतीवर खुंट्याच खुंट्या:
ठेवणं, राखणं, पाळणं, जपणं, बाळगणं, टिकणं.
कुठल्याही खुंटीवर अडकवला
तरी एक बाही लोंबतेच.)

लाउरी, तिचा नवरा, दीपगृहाचा कीपर.
एकतीस वर्षं.
मग दिवा आपला आपण लागायला शिकला.
कचेरीचं पत्र आलं: किल्ल्या परत कराव्यात,
हातकंदील ठेवून घेण्यास हरकत नाही.
त्यानंतर रोज अंधार पडला की
तो या खिडकीशी उभा राहून बघायचा, लागलाय का.
लागलेला असायचा.
दुसऱ्या दिवशी पुन्हा.
'बघ गं, तुझ्या कोशात आहे का,
उगाचच करत राहणं?'
विल्तेनं बोट फिरवलं.
'आहे. आकडा सतरा.
पण उगाचच असं नाही लिहिलेलं.'

ओस्ला काही बोलली नाही.
झोपण्याआधी तिनं चुलीतले निखारे ओढून
त्यांच्यावर पीटची राख पसरली,
आजाऱ्याच्या अंगावर पांघरूण घालावं तशी,
चारी बाजूंनी खोचत.
सकाळी फुंकर मारली की विस्तव तयार.
यालाही तोच शब्द, ती म्हणाली.

तिला काय ठाऊक,
माझ्या भाषेत जळून उरतं ती राख,
आणि सांभाळ म्हणायचं असलं तरी
राख.

पुढच्या गुरुवारी, पोस्टात, तोच प्रश्न.
विल्तेनं पाठ केलेलं उत्तर दिलं: बरी आहे, आभारी आहे.
तिकिटं घेतली. दारापर्यंत गेली.
परत फिरली.
'बिटाची बरणी काल उघडली.
आता ती कीप होणार नाही.
संध्याकाळी या.'

घड्याळात सातला सात कमी होती
तेव्हा ओस्लाच्या उंबऱ्यात
गमबुटांच्या तीन जोड्या.
चौथा येतोय, पाव घेऊन.